ग्रुपवर टाकलं होतं

जंतनाशक गोळ्यांवरून या आठवड्यात झालेली रडारड सगळ्यांनी पाहिली. शाळेत गोळी खाऊन पोरांना मळमळलं, घरची माणसं शाळेकडे धावली आणि फाटकातच उत्तर मिळालं, ‘ग्रुपवर टाकलं होतं.’

कुणासाठी टाकलं होतं? फेब्रुवारीत बीडकडच्या कितीतरी पोरांचे आईबाप कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडात असतात. फोन फडात, पोर गावात आजीजवळ. आई गावातच असली तरी फोन बापाच्या खिशात आणि बाप कामावर. निळ्या खुणा उमटल्या म्हणजे आजीला कळलं, असं कसं धरता? शिवाय त्या मेसेजात होतं काय? तारीख आणि फोटो. आ वासलेल्या पोराचा फोटो अहवालात जातो, घरी काहीच जात नाही.

आजीला चारच गोष्टी सांगायच्या होत्या. अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची. पोर आजारी असेल तर त्या दिवशी द्यायची नाही. पोटात जंत जास्त असले तर थोडं दुखतं, मळमळतं. थोड्या वेळानं ते थांबतं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत हे घराघरांत पोचायला हवं होतं.

शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीचंही तेच. आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या पोरीला गोळीनंतर काळी शी झाली. असं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुन्हा गोळी खायची नाही, असा आजीनं दम भरला. आता पोर दर आठवड्याला गोळी गालात धरते आणि हापशाजवळ थुंकते. चिखलात पडलेली ती निळी गोळी मी पाहिली. शाळेच्या नोंदवहीत मात्र ती खाल्लेली असणार.

पालक येत नाहीत, मास्तरांना कामं फार, हेही शाळांकडून ऐकलं. कामं फार आहेत, ते कबूल. पण निरोप पोचवणारी माणसं आहेतच. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. आशाताईला गावातली प्रत्येक आजी नावानिशी ठाऊक असते.

मुख्याध्यापकांनो, ऑगस्टमधल्या जंतनाशकाच्या फेरीआधी एक दुपार या आज्यांना वर्गात बोलवा. गोळी त्यांच्या हातावर ठेवा आणि त्या विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्या. त्या दिवशी फोटो काढू नका.