खरेपणाचा खर्च

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. अध्यक्षस्थानी रेव्हरंड गंगाधर जाधव होते. धर्मांतराच्या येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे उलटली होती आणि बाबासाहेब कोणता धर्म स्वीकारणार, याकडे साऱ्या देशाचे लक्ष होते. सभेला आलेल्यांपैकी कितीतरी जण मनात एक आशा घेऊनच बसले असणार. बाबासाहेबांनी ख्रिस्ताविषयी मनापासूनचा आदर सांगितला. आपल्या मनाला ओढ लावणाऱ्या दोनच व्यक्ती, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त, असेही सांगितले. आणि मग त्यांनी ख्रिस्ती समाजाचा हिशेब मांडला. दक्षिणेत चर्चमध्येसुद्धा जात पाळली जाते. तुमच्यात शिकलेली मुले-मुली शेकड्यांनी आहेत, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून तुम्ही कधी उभे राहिला नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, अगदी व्यवहारातली: महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला, की त्याची शिष्यवृत्ती जाते.

पुढच्या महिन्यात ‘जनता’ साप्ताहिकात हे भाषण छापून आले. माझ्या मते सोलापूरच्या प्रत्येक ख्रिस्ती मंडळीने ते वर्षातून एकदा उपासनेनंतर मोठ्याने वाचावे. आपल्या श्रद्धेबद्दल आपल्याच शहरात इतके खरे आणि इतक्या आपुलकीने दुसरे कोणी क्वचितच बोलले असेल. त्यातले दोन्ही मुद्दे, शिष्यवृत्ती जाण्याचा आणि अन्यायाविरुद्ध उभे न राहण्याचा, मला एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात. आज विश्वास जगायचा म्हणजे काय, हा प्रश्न आमच्याकडे येऊन थांबतो तो इथेच.

शिष्यवृत्तीचा मुद्दा तेव्हाही कायद्यात होता. १९३६ च्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी झाली, तेव्हाच भारतीय ख्रिस्ती तिच्यातून वगळले गेले. स्वराज्य आले, संविधान आले, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानायचे नाही असे ठरवले. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी ते दार उघडले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढा म्हणून शिफारस केली; २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवायचे, ही संविधानाची फसवणूक आहे.

दिल्लीतला हा निकाल सोलापुरात सेतू केंद्राच्या खिडकीवर कसा दिसतो, ते सांगतो. एक बाप आणि त्याचा मुलगा. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा आहे. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. त्यावर जुन्या शाईत ‘हिंदू मांग’ लिहिले आहे. आजोबांचा बाप्तिस्मा मंडळीच्या नोंदवहीत आहे, पण मास्तरांनी शाळेत गावाला माहीत होते तेच लिहिले. तो कागद लावला, की त्यासाठी लागणारा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आपोआप मिळतो, अनुसूचित जातीचा दाखला निघतो आणि सगळी फी माफ होते. ‘ख्रिश्चन’ लिहिले, तर अनुसूचित जातीतून धर्मांतरित म्हणून इतर मागासवर्गात जायचे. मग १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा शोधायचा, नॉन-क्रिमीलेयर काढायचे, आणि शिकवणी फीतली निम्मी सवलत मिळाली तरी उरलेली निम्मी कुठून भरायची ते बघायचे. खिडकीतला पोरगा कीबोर्डवर बोटे ठेवून विचारतो, “काका, धर्म काय टाकू?” मागे रांग उभी आहे. बाप म्हणतो, “आहे तेच टाका.”

त्याच आठवड्यात रविवारी हे कुटुंब नेहमीच्या बाकावर बसलेले असते. आई पदर सावरून प्रभुभोजन घेते, मुलगा गायकवर्गात ढोलकी वाजवतो. आणि मागच्या बाकांवर कुजबुज होते. कोणीतरी पेत्राचे नाव घेतोच. शेकोटीपाशी एका दासीने विचारले तेव्हा, मी त्याला ओळखत नाही, असे तीनदा सांगणारा पेत्र. व्यासपीठावरूनही हे उदाहरण येते, आणि ऐकायला ते बिनतोड वाटते.

मला ते अपुरे वाटते. नाकारणे हे नाकारणेच आहे. कागदावर खोटे लिहिणे किरकोळ आहे, पोटासाठी चालते, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही. ‘होय’ला होय आणि ‘नाही’ला नाही म्हणायला शिकवणाऱ्या गुरूचे आपण शिष्य आहोत. न्यायालयाने जे म्हटले ते कायद्याच्या चौकटीत ठीकच आहे. पण पापाचा सगळा हिशेब त्या एका बापाच्या नावावर मांडायला माझी तयारी नाही. ज्याची जात गावाने, विहिरीने, घरमालकाने कधी बदलू दिली नाही, त्याला धर्म बदललास म्हणून तुझी जात संपली असे सांगणारे शासन या खोटेपणात भागीदार आहे. ख्रिस्ती झाल्यामुळे कोणी त्याला बाकीच्यांच्या पंगतीला बसवत नाही, आणि मारहाण झाली तर ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही त्याला मिळत नाही. आणि आपण, म्हणजे मंडळी, त्याहून मोठे भागीदार आहोत, कारण आपण सत्याची मागणी करतो पण त्याचा खर्च एकट्या माणसावर टाकतो.

या देशात विश्वासाची किंमत मोजणाऱ्यांची नावे मराठी माणसाला तोंडपाठ आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या शाळेतल्या मुलींच्या धर्माचा वाद पेटला तेव्हा न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई हलल्या नाहीत. मला त्या वादाइतकाच त्यांचा दुसरा वाद महत्त्वाचा वाटतो, इंग्लंडमधल्या आपल्याच गुरुभगिनींशी पत्रांतून झालेला. चर्च सांगते म्हणून मी मानणार नाही, माझी विवेकबुद्धी मला कुणाच्या हाती द्यायची नाही, ही त्यांची भूमिका होती. हिंदू समाजापुढे आणि मिशनपुढे त्या सारख्याच ताठ उभ्या राहिल्या. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडले. मिशनच्या चाकोरीत मन रमेना तेव्हा आयुष्याच्या शेवटी टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला.

ही माणसे मोठी होती, यात शंका नाही. पण ती विद्वान घरांतली होती, त्यांच्या हाती लेखणी होती, म्हणून त्यांची किंमत नोंदली गेली. सोलापूर, नगर, जालना या पट्ट्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती घरांचे पूर्वज महार आणि मांग होते. देवीच्या जत्रेत हलगी वाजवायची नाही असे ठरवले की बलुत्यावर पाणी सोडावे लागे. मेलेले ढोर ओढायचे नाही म्हटले की गावाशी वैर ओढवे. अशा बायाबापड्यांनी दिलेली किंमत कुठल्या आत्मचरित्रात आलेली नाही. सेतूच्या खिडकीवरचा तो बाप त्यांचा नातू आहे. टिळक-रमाबाईंची पुण्यतिथी साजरी करणाऱ्या आपण त्याला कमी विश्वासाचा ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

त्यात आपण आपल्याच घरात जात सांभाळतो. लग्न जुळवताना मध्यस्थ हळूच विचारतो, “मूळचे कोण?” मुलगी शिकलेली असते, मुलगा कमावता असतो, दोघेही एकाच उपासना पुस्तकातून गातात, आणि बोलणे या प्रश्नावर मोडते. कागदावर जात लिहिली म्हणून माणसाला हिणवायचे आणि सोयरिकीला तीच जात उकरून काढायची. बाबासाहेबांनी दक्षिणेबद्दल सांगितलेली तक्रार आपल्या अंगणातही खरी आहे, आणि ती दूर करायला कुठल्याही आयोगाची, कुठल्याही निकालाची वाट बघावी लागत नाही.

आता बाबासाहेबांचा दुसरा मुद्दा, अन्यायाविरुद्ध उभे न राहण्याचा. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालले: शाळा, मुलींचे वसतिगृह, दुष्काळातल्या पोरक्या मुलांचा सांभाळ, बालवाडी आणि बालवाडीच्या शिक्षिकांचे प्रशिक्षण. हे सगळे प्रेमाने झाले, आणि या शहरातल्या अनेक घरांची पहिली शिकलेली बाई त्यातून आली. पण याच शहरात सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींना तारेच्या कुंपणात डांबून ठेवलेली ती वसाहत. हजेरी द्यायची, पास घेऊन गिरणीत कामाला जायचे, वेळेत परत यायचे. काही काळ तिचा कारभार मिशनकडे होता. आत शाळा भरली, दवाखाना चालला, पोरांची पाटी-पेन्सिल आली. जन्मापासून गुन्हेगार ठरवलेल्या मुलाला कुणीतरी मायेने अक्षर शिकवले, ही गोष्ट मी हलकी मानत नाही. पण ज्या हातांनी पाटी दिली त्याच हातांनी हजेरीची वहीही सांभाळली. अखेर मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर तो कायदा रद्द झाला. सोलापूरकर आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणतात.

बाबासाहेबांचा रोख मला इथे कळतो. दुखणाऱ्याची सेवा करणे आपल्याला जमते. दुखणे निर्माण करणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारणे जमत नाही. अल्पसंख्याक असल्याची भीती त्यामागे आहे, हे मला कळते. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे, तरी एखाद्या घरात प्रार्थनासभा भरली की शेजारी पोलिसांना फोन करतात, अशा बातम्या वाचून माणूस दबकतोच. दबकलेला समाज आपल्यापुरते बघतो. नाताळ, ईस्टर, लग्ने आणि कबरस्तानाची जागा, एवढ्यातच त्याचे सार्वजनिक जीवन संपते.

या भीतीतून बाहेर पडलेला एक माणूस आपल्या अगदी जवळ येऊन गेला. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे सोलापूरहून दीड तासाच्या अंतरावर, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. प्रकृती साथ देत नसताना ते आले आणि देशातल्या वातावरणावर स्पष्ट बोलले. त्यांना हा अधिकार त्यांच्या ‘सुबोध बायबल’ने दिला हे खरेच, पण त्याआधी हरित वसईच्या चळवळीने दिला. वसईची जमीन आणि पाणी बिल्डरांच्या घशात जात होते तेव्हा हा धर्मगुरू गावकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरला. ते पाणी ख्रिस्ती विहिरीतले की हिंदू विहिरीतले, हा प्रश्न तिथे नव्हता. २०२४ च्या जुलैत ते गेले, तेव्हा सर्व धर्मांची माणसे हळहळली. श्रद्धा लपवावी लागली नाही आणि कुणावर लादावीही लागली नाही, असे सार्वजनिक आयुष्य त्यांनी जगून दाखवले.

सोलापूरला तसे प्रश्न कमी आहेत का? उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणारी वस्ती, यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार, घरी विड्या वळता वळता पाठ वाकलेली पद्मशाली बाई. यांतली कितीतरी घरे मंडळीची नाहीत, म्हणूनच मंडळीने त्यांच्या प्रश्नात जायला हवे. पाण्याच्या मोर्चात चर्चचा पाळक दिसला, तर त्यातून कुणाचे धर्मांतर होणार नाही. पण ख्रिस्ती माणूस या शहराचा कोण लागतो, हे शहराला कळेल.

आणि सेतूच्या खिडकीवरच्या त्या मुलाचे काय? १९५० च्या आदेशातली धर्माची अट जावी म्हणून निवेदने द्यावीत, आयोगापुढे जावे, वकील लावावा. हे काम लांब पल्ल्याचे आहे आणि ते अंग झाडून करायला हवे. पण फीची तारीख तोवर थांबत नाही. आपल्याकडे सुगीचा सण होतो. बायका भोपळे, अंडी, कोंबड्या, घरच्या ज्वारीची कणसे, तेलच्यांचे डबे घेऊन येतात आणि उपासना संपल्यावर अंगणात लिलाव होतो. मंगळवेढ्याची पायलीभर ज्वारी बाजारभावाच्या पाचपट बोलीने जाते, हसत-खिदळत, कारण पैसा प्रभूच्या कामाला जायचा असतो. तो पैसा मग रंगरंगोटीला, स्पीकरला, कुंपणाच्या भिंतीला जातो. मिशनच्या जागांवरून चाललेल्या कज्जांचा खर्चही कित्येक ठिकाणी असाच निघतो.

यंदाच्या वार्षिक सभेत मी एवढेच मांडणार आहे. या लिलावाची सगळी रक्कम एका वेगळ्या खात्यात जावी. जो विद्यार्थी कागदावर ‘ख्रिश्चन’ लिहील त्याच्या फीत जितकी तूट येईल, तितकी त्या खात्यातून भरावी. अर्ज करणाऱ्याचे मूळ कोण, हे कुणी विचारू नये. रक्कम कमी पडली, तर ज्यांची मुले शिकून पुण्याला, बंगळुरूला, दुबईला आहेत त्या आम्ही सगळ्यांनी दशांशापलीकडे हात घालावा. ज्याने अजून ‘हिंदू’ लिहिले आहे त्याला प्रभुभोजनाच्या मेजापासून कुणी दूर करू नये. पुढच्या वर्षी खिडकीवर त्याच्याबरोबर मंडळीचा एक डीकन उभा राहावा, पुढचा खर्च मंडळीचा आहे हे त्याला तिथेच सांगण्यासाठी.