आत काय आहे?

परवा धिरडं खाता खाता माझी अडीच वर्षांची लेक मधेच थांबली. तिनं तुकडा मोडला, आतला एक हिरवट धागा नखानं ओढून काढला आणि विचारलं, "बाबा, आत काय आहे?"

"काही नाही गं. धिरडंच आहे," मी म्हणालो.

आत दुधी होता. पिवळी मूगडाळ दोन तास भिजवायची, जिरं-मीठ घालून वाटायची, त्यात दुधी अगदी बारीक किसून मिसळायचा आणि तव्यावर तूप सोडून पातळ धिरडी काढायची. डाळ भिजलेली असेल तर पंधरा मिनिटांचं काम. डाळ पोटात जाते, भाजी पोटात जाते आणि खाणारीला पत्ताही लागत नाही. चार महिने हा माझा हुकमी एक्का होता. बायको सकाळी ऑफिसला जाते, मी घरून काम करतो, त्यामुळे लेकीचं दुपारचं जेवण माझ्याकडे असतं. साडेबाराला जेवण आणि एकला मीटिंग असेल, तर हुकमी एक्क्याची किंमत काय असते हे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

तिनं तोंडातला घास ताटात काढून ठेवला. त्या दिवसापासून धिरडं बंद. दुधी ती आधीही खात नव्हती, आता धिरडंही गेलं. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं पोळीचा पापुद्रा सोडवून आत पाहिलं. मग इडली फोडून पाहिली. संध्याकाळी मी केळं सोलून हातात दिलं, तर तेही मधोमध मोडून विचारलं, "आत काय आहे?"

केळ्यावर मी हसलो, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. केळ्यात कुणाला काही लपवता येत नाही. मग तिचा संशय नक्की कुणावर होता?

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मुलाच्या भल्यासाठी त्याला फसवून खाऊ घालणं चूक आहे का? तुम्हाला मूल नसेल तर हा प्रश्न आपला नाही असं वाटेल. पण तुम्हीही कधीतरी अडीच वर्षांचे होतात आणि कुणीतरी तुमच्यासमोर वाटी-चमचा घेऊन बसलेलं होतं. त्यांनी तुमच्या 'नको'चं काय केलं, हे तुम्हाला आठवत नसलं तरी तुमच्यात कुठेतरी ते असणारच.

आधी माझी बाजू मांडतो. अडीच वर्षांच्या मुलीला लोह, प्रथिनं कळत नाहीत. तिला कळतं ते बिस्किट. लस टोचतानाही आपण तिची परवानगी घेत नाही, घट्ट धरून बसतो. मग दुधी लपवला तर काय बिघडलं?

बराच विचार केल्यावर मला यातला फरक दिसला. लस टोचताना आपण खोटं बोलत नाही. निदान बोलू नये. सुई दिसते, दुखतं, ती रडते, आपण जवळ घेतो आणि विषय संपतो. जेवण मात्र दिवसातून चार वेळा येतं आणि आयुष्यभर येत राहतं. भूक लागली का, पोट भरलं का, हे आवडतं का, याचे निर्णय तिला पुढे सत्तर-ऐंशी वर्षं स्वतःच घ्यायचे आहेत. ज्या गोष्टीत तिला स्वतःवर विश्वास ठेवायला शिकायचं आहे, नेमक्या त्याच गोष्टीत मी तिला सांगत होतो की तुझे डोळे खोटं सांगतायत. हिरवा धागा तिच्या बोटात होता आणि मी म्हणत होतो, "काही नाही."

मिसळणं आणि लपवणं यांत मला आता फरक वाटतो. थालीपिठात कांदा असतो, पराठ्यात पालक असतो, कोथिंबीरवडीत कोथिंबीर असते. आपलं अर्धं स्वयंपाकघर मिसळण्यावरच चालतं. त्यात फसवणूक नाही. फसवणूक सुरू होते ती विचारल्यावर नाकारण्यात.

दुसरी युक्ती आपल्या सगळ्यांच्या खिशात असते. हॉटेलात कुठल्याही टेबलाकडे पाहा. समोर मोबाइल टेकवलेला, त्यात गाणारी जनावरं, आणि मूल तोंड उघडतंय, मिटतंय. मीही हे केलंय. तिला ताप होता तेव्हा केलं, आणि मीटिंगला दहा मिनिटं उरली होती तेव्हाही केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीनसमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. पण मला तासांपेक्षा वेगळीच गोष्ट खुपली. मोबाइल लावला की ती वाटीभर भात संपवायची आणि शेवटी वाटीकडे बघायचीसुद्धा नाही. आपण काय खाल्लं, किती खाल्लं, पोट कधी भरलं, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. दुधी लपवताना मी तिच्यापासून भाजी लपवत होतो, मोबाइल लावून तिचं पोटच तिच्यापासून लपवत होतो.

उरला तिसरा मार्ग, तो म्हणजे जबरदस्ती. त्यात मी स्वतः वाढलो. पडवळाची भाजी समोर ठेवून मी तासभर बसलेलो आहे. आईचा नियम एकच होता, पान पुसून काढायचं. रडलो तरी चालेल, पण शीत उरता कामा नये. बरीच वर्षं मला ती शिस्त वाटायची, मग काही वर्षं क्रूरपणा वाटला.

लेक झाल्यावर आई आमच्याकडे पुण्याला राहायला आली. एका दुपारी लेकीनं अर्धा वरणभात ठेवून दिला तेव्हा आई मला म्हणाली, "अरे, तिला उठू कसं देतोस? उपाशी राहील ती."

"चार वाजता खाईल गं आई."

"चारला काय असतं?"

हा प्रश्न मला आधी समजलाच नाही. चारला काय असतं म्हणजे? केळं असतं, दूध असतं, लाडू असतो. मग लक्षात आलं. आईचं माहेर बीड जिल्ह्यातलं. १९७२च्या दुष्काळात ती सहा वर्षांची होती. तिचे आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे सुकडी मिळायची, ती ते पदरात बांधून मुलांसाठी आणायचे. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. त्याची भाकरी आईला आवडायची का, असं मी एकदा विचारलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. आवडण्याचा प्रश्न तिला तेव्हा कुणी विचारलाच नव्हता, आणि तिच्याकडे उत्तर असतं तरी त्यानं काही फरक पडला नसता.

तेव्हापासून तिच्या 'पान पुसून काढ'चा मला राग येत नाही. ज्या घरात पुढच्या जेवणाची खात्री नसते, तिथे समोरचं जेवण संपवणं हाच शहाणपणा. तिची चूक एवढीच की काळ बदलला तरी नियम बदलला नाही. आणि अशी ती एकटी नाही. आपल्याकडे प्रेमच आग्रहानं मोजतात. पंगतीत कुणी 'नको' म्हटलं तर ते खरं धरायचं नसतं, तिसऱ्यांदा म्हटल्यावर धरायचं असतं, तोवर ताटात जिलबी पडलेली असते. मूल आयुष्यातलं पहिलं ठाम 'नको' ताटावरच म्हणतं, आणि आपल्याकडे ताटावरच्या 'नको'ला सगळ्यात कमी किंमत आहे.

मग काय करायचं? मूल म्हणेल तेच द्यायचं? याच प्रश्नावर मी वाचत गेलो तेव्हा क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंचा एक जुना प्रयोग सापडला. नुकतंच वरचं खाणं सुरू झालेल्या पंधरा बाळांना त्यांनी स्वतःचं जेवण स्वतः निवडू दिलं. काही बाळांवरचा प्रयोग तर चार वर्षांहून जास्त चालला. एकूण ३४ पदार्थ ठरवलेले होते आणि जेवणाच्या वेळी त्यांतले काही वेगवेगळ्या भांड्यांत समोर यायचे. नर्सनं चमचा घेऊन गप्प बसायचं. बाळानं एखाद्या पदार्थाकडे हात केला तरच भरवायचं, 'हे खा' म्हणायचं नाही, खाल्ल्याबद्दल शाबासकी द्यायची नाही. कुणी एका जेवणाला बरीच अंडी खायचं, कुणी आणखी काही भलतंच. एकाचं ताट दुसऱ्यासारखं नव्हतं. तरी मुलं निरोगी वाढली. १९३९मध्ये डेव्हिसबाईंनी निष्कर्ष मांडले, तेव्हा खरी मेख त्यांनीच उघड केली. समोर ठेवलेल्या पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डब्यातलं काही नव्हतं. वाईट निवड करायला जागाच ठेवलेली नव्हती. मूल निवडत होतं, पण कशातून निवडायचं हे मोठ्यांनी ठरवलं होतं.

आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि देऊही नये. पण त्यातून निघणारी वाटणी मला पटली. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ती १९८०च्या दशकात सोप्या शब्दांत मांडली: काय, कधी आणि कुठे हे पालकांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं.

आमच्या घरी आता साधारण हेच चालतं. स्वयंपाक साधाच. मूगडाळीची मऊ खिचडी आणि वरून तूप. मेतकूट भात. ज्वारीची भाकरी गरम दुधात कुस्करून. पोळीचा चुरा करून गूळ-तूप घालून वळलेला लाडू. नाचणीचं सत्त्व. ताटात रोज एक गोष्ट अशी असते जी ती नक्की खाते, आणि शेजारी एखादी न आवडणारी, चमचाभरच. दुधीची फोड आता दुधीसारखीच दिसते. खाल्ली तर कौतुक नाही, ठेवली तर भाषण नाही. साडेबाराला ताट येतं, वीस-पंचवीस मिनिटांनी उचललं जातं. मधे बिस्किट नाही. चारला पुन्हा खाणं असतं.

दोन गोष्टी कळल्यावर माझी भीतीही कमी झाली. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावते, तशी भूकही कमी होते. आपण त्यालाच नखरे म्हणतो. शिवाय या वयात नव्या पदार्थाची भीती वाटणं स्वाभाविक असतं. एखादी चव ओळखीची व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी हार मानतो आणि किसणी काढतो. अर्थात वजन वाढायचं थांबलं, मूल मलूल झालं, घास गिळताना अडकायला लागला, तर हे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून डॉक्टरकडेच जायला हवं.

आईचा प्रश्न मात्र मी सोडून दिलेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी भरली. त्यामागे आजारपण, स्वच्छता, आईची तब्येत अशी बरीच कारणं असतात, पण ताटही त्यात आहेच. त्या घरांत जाऊन 'मुलाला ठरवू द्या' हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? सॅटरबाईंची वाटणी चालते ती 'चारला काहीतरी असतं' या खात्रीवर. माझी लेक 'नको' म्हणते तेव्हा तिच्यामागे भरलेला डबा उभा असतो. माझ्या आईमागे तो नव्हता.

म्हणूनच मला वाटतं, मुलाला ताटावर 'नको' म्हणता येणं ही फार मोठी श्रीमंती आहे. आमच्या घरात ती यायला दोन पिढ्या लागल्या. प्रत्येक मुलाला ती मिळायला हवी, आणि ती युक्त्यांनी नाही मिळणार, भरलेल्या डब्यांनी मिळेल. पण ज्यांच्या घरात ती आलेली आहे, त्यांनी ती मोबाइल टेकवून किंवा किसणी लपवून परत काढून घेऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

उरलेल्या घासाचं काय, हा आईचा पुढचा प्रश्न. अन्न टाकायचं नाही हे मलाही मान्य आहे. म्हणून मी चमचाभरच वाढतो आणि राहिलेलं मी खातो. गेल्या दोन महिन्यांत मी बराच दुधी खाल्लाय.

काल पुन्हा धिरडी केली. लेकीनं तुकडा मोडून पाहिला. "बाबा, आत काय आहे?"

"दुधी आहे."

तिनं तो तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि दहीभात ओढून घेतला. आई बघत होती. तिचा हात भाताच्या भांड्याकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग ती नातीला म्हणाली, "अजून हवं का गं?"

लेक म्हणाली, "नको."

आईनं भांड्यावर झाकण ठेवलं.