ती संध्याकाळ

गौरी-गणपतीच्या तोंडावर दादर स्टेशनबाहेर कसारा-कर्जतकडच्या बायका तेरड्याच्या जुड्या, रानातला पाला घेऊन बसतात. रात्रही तिथंच फुटपाथवर काढतात. गेल्या वर्षी जुडी बांधता बांधता एक जण म्हणाली, "पोरगी आश्रमशाळेत हाय, ताई. दोन टायमाला पोटभर मिळतं." दोरा दातानं तोडून तिनं जुडी माझ्या पिशवीत घातली.

मुलांची निवासी शाळा म्हटलं की मला कॅनडा आठवतो. तिथं सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून अशा शाळांत घातलं. त्यातल्या बहुतेक शाळा चर्चच चालवत असे. तिथल्या अत्याचारांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी 2022 मध्ये माफी मागितली. आपल्याकडे मुलांना कोणी ओढून नेत नाही, आईबापच विश्वासानं सोडून येतात. पण मुलाला काय? घर लांबच. आणि खोलीची कडी ज्याच्या हातात, तक्रारही त्याच्याकडेच करायची.

मुलावर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल मुंबईत गोवंडीतल्या एका धर्मगुरूला 2021 मध्ये तिथल्या पॉक्सो न्यायालयानं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या न्यायालयानं, जन्मठेप दिली. तो मुलगा चर्चमधून त्याच संध्याकाळी घरी आला, आईला सांगू शकला. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींना ती संध्याकाळ नव्हती. 2019 मध्ये मुली आजारी पडल्या, इस्पितळात पोचल्या, तेव्हा तिथल्या लैंगिक अत्याचारांना वाचा फुटली. तपासात 17 अल्पवयीन मुलींची नावं आली. काही पुढारी तर म्हणाले, भरपाईसाठी पालक तक्रारी करतात. ते वाचून माझा हात थरथरला होता.

अशा वेळी आपण फाशी मागतो आणि मोकळे होतो. इमारतीतल्या बाकीच्यांचं काय? पॉक्सोचं कलम 19 सांगतं, कळलं की कळवा. राजुऱ्यात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला, उच्च न्यायालयानं तो रद्द केला. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला: माहीत असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे, गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच तो बहुधा प्रयत्न असतो, असं बजावून. डॉक्टर दोषी की नाही, ते खटल्यानं ठरवायचं. पण गप्प बसणाऱ्यालाही पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, हे ठरलं. संस्थाप्रमुख गप्प राहिला तर शिक्षा मात्र जास्तीत जास्त एक वर्ष. मला ती फार थोडी वाटते.

"मुलीशी फोनवर बोलता का, मावशी?" मी त्या जुडीवालीला विचारलं होतं.

"बोलते की. सायेब फोन धरून उभा ऱ्हातो, तवर."