विश्वस्ताला दूर कोण करू शकतो?



आपल्या गोंदिया-भंडाऱ्यातील मामा तलाव आपण रोज पाहतो. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, मालगुजार गेले. तलाव मात्र राहिले आणि धानाला पाणी देत राहिले. विश्वस्त संस्थेचेही असेच असते. शाळा, दवाखाना किंवा प्रार्थनास्थळ विश्वस्ताच्या हाती असते, पण त्याच्या मालकीचे नसते. मग तो चुकला, तर त्याला दूर कोणी करावे?

इतर विश्वस्तांनी बहुमताने ठराव केला की झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु संस्थेच्या घटनेत तसा अधिकार असेल तरच त्या ठरावाला अर्थ, आणि झालेला बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागतो. एरवी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-ड प्रमाणे विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा काढण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. हिशेब वारंवार न देणे, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष करणे, मालमत्तेचा अपहार करणे, ही त्यातील काही कारणे.

मात्र आयुक्तांकडे अर्ज करण्यासाठी विश्वस्तच असावे लागत नाही. संस्थेशी हितसंबंध असलेली व्यक्ती, म्हणजे देवळाचा साधा भाविक किंवा दवाखान्याचा लाभार्थीही अर्ज करू शकतो. तसेच, आरोप निश्चित करून उत्तर देण्याची संधी दिल्यावाचून विश्वस्ताला काढता येत नाही.

नेमणाराही कायद्याहून मोठा नसतो. शिर्डीच्या साई संस्थानावर राज्य शासनाने २०२१ मध्ये नेमलेले विश्वस्त मंडळ उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द ठरविले. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेतील कलम १७४१ नुसार, गैरकारभारामुळे चर्चचे गंभीर नुकसान होत असेल आणि दुसरा उपाय उरला नसेल, तर बिशप धर्मगुरूला त्याच्या पदावरून दूर करू शकतात.

आता प्रश्न आपल्या सदसद्विवेकाचा. भांडण नको म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याला शांती म्हणतो. पण त्या शांतीची किंमत फी न भरू शकणारे मूल आणि औषधावाचून परतणारा रुग्ण मोजतात. उलट, चहाच्या टपरीवर एखाद्याला चोर ठरवून आपण मोकळे होतो, तेव्हा कायद्याने त्याला दिलेली उत्तराची संधीच आपण हिरावून घेतो. दोन्ही प्रकारांत न्याय होत नाही.

म्हणून वार्षिक सभेला जाऊ या, हिशेब वाचू या, समजले नाही ते सर्वांसमक्ष विचारू या आणि उत्तर शांतपणे ऐकू या. वेळीच हिशेब मागितला, तर प्रामाणिक विश्वस्ताला बळ येते आणि घसरणाऱ्याला सावरायला अवसर मिळतो. एवढे करूनही सुधारणा झाली नाही, तर अर्ज करण्यात द्वेष नाही. ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली, त्यांच्याविषयीचे ते आपले कर्तव्य आहे.