पाचवीला पुजलेले, पण किती?

आउर्नी आउर्नासोन हे पश्चिम आइसलँडमधले जिल्हा डॉक्टर. अख्ख्या मुलखाचे आरोग्य एकाच्या गळ्यात. त्यांना एक गोष्ट खटकली: ब्रेइदाफ्योर्दुर आखाताच्या परिसरात ठरावीक घराण्यांतली धडधाकट तरुण माणसे मेंदूत रक्तस्राव होऊन जातात. साथीचे रोगी मोजायची सवय असलेल्या या माणसाने मग घराणी मोजायला घेतली. पक्षाघात आणि त्याची आनुवंशिकता या विषयावरचा त्यांचा जर्मन प्रबंध १९३५ साली निघाला.

‘लाक्सदायला सागा’ ही आइसलँडची जुनी गाथा याच भागात घडते. तिच्यातल्या गुद्रूनला चार स्वप्ने पडतात, एक जाणता त्यांतून चार लग्ने वाचतो, आणि पुढे तसेच होते. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, त्यातलाच प्रकार.

सटवाईचे अक्षर १९८०च्या दशकात लागले. सिस्टॅटिन-सी या प्रथिनातले ६८वे अमिनो आम्ल या घराण्यांत बदललेले असते. ल्युसीनच्या जागी ग्लुटामीन. हे प्रथिन मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचते आणि भिंत फुटते. रक्तदाब नॉर्मल, आणि आयुष्य सरासरी ३० वर्षे. दोष आई-बापांपैकी एकात असला, तरी प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

इथवर सगळे प्रारब्धवाद्यांच्या बाजूचे. पण २००८ साली आस्त्रीदुर पाउल्सदोत्तिर आणि सहकाऱ्यांनी जुन्या वंशावळी उलगडल्या. सगळे वाहक सुमारे १८ पिढ्यांपूर्वीच्या एकाच पूर्वजाचे वंशज निघाले. मातीत गेलेल्यांचे रक्त कुठून तपासणार? तर्क असा: पणजोबांकडून आलेला दोष पणतवंडांत सापडला, तर मधली आजी वाहक असलीच पाहिजे. अशा आज्या-आजोबांची वये मांडली, तर १८२५च्या सुमारास जन्मलेले वाहक सरासरी ६५ वर्षे जगलेले! पुढच्या पाऊणशे वर्षांत जन्मलेल्यांचे आयुष्य घसरत ३०वर आले. जनुक तेच. संशोधकांचा संशय त्या काळात झपाट्याने बदललेल्या राहणीमानावर आहे.

संचित वेगळे आणि क्रियमाण वेगळे, असे म्हणून कर्मवादी इथे खूश होईल. घाई नको. १९०० साली जन्मलेल्या वाहक मुलीने असे कोणते कर्म केले, की तिची पस्तीस वर्षे कापली गेली? राहणी बदलली ती साऱ्या देशाची, आणि बहुतेकांना त्याने काही झाले नाही. फळ पडले या मूठभर घरांच्या पदरात. कर्म गावाचे आणि भोग एकीचा, हा हिशेब पोथ्यांना नीट जमलेला नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरला तो रोज करावा लागतो.

आता नवी खटपट चालू आहे. कफ पातळ करणारे एन-ॲसिटिलसिस्टीन हे जुनेच औषध सहा वाहकांना दिले, तर पाच जणांच्या त्वचेतला सिस्टॅटिनचा साठा घटला. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला.