सही करण्याआधीची वर्षे

रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसे खाणाऱ्या गर्दीसमोर धरणाची भिंत उभी असते. सिव्हिलची पदवी हाती आलेल्या मुलामुलींनी तिच्याकडे जरा वेळ पाहत बसावे, असे मला मनापासून वाटते.

या धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारे बसवली ती १९०३ मध्ये. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले होते १८८४ साली. मधली एकोणीस वर्षे नाशिक, खानदेश, सिंधमधल्या सक्करचा पाणीपुरवठा, पुण्याचे कालवे अशी गेली. दर मुक्कामी निर्णयाचा वाटा वाढत गेला, आणि तेव्हा कुठे एका जुन्या धरणाला हात लावण्याइतका विश्वास त्यांच्यावर टाकला गेला.

दुसरे साल १९६१. काम पुरे होण्याआधीच पाणी अडवलेले पानशेत धरण १२ जुलैला फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले, आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्याच वर्षी वकिलांच्या नोंदणीचा कायदा झाला. वास्तुविशारदांचा १९७२ मध्ये आला. अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा अजूनही नाही. घराच्या नकाशावर सही करायला महापालिकेचा परवाना लागतो; पण एरवी, पदवी मिळाली की माणूस अभियंता!

कायदा यायला हवा, हे माझे ठाम मत आहे. तोवर वाट मात्र बंद नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० मध्ये स्थापन झालेली संस्था आपल्या सभासदांना चार्टर्ड इंजिनिअर म्हणून प्रमाणित करते. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक अभियंत्यांच्या नोंदवहीसाठी पदवीनंतर किमान सात वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्यातली किमान दोन वर्षे महत्त्वाच्या कामाची जबाबदारी स्वतःकडे असावी लागते. या दुसऱ्या अटीकडे तरुणांचे लक्ष जात नाही. सात वर्षे आपोआप भरतात. ती दोन वर्षे मागून घ्यावी लागतात.

म्हणून करिअरचे नियोजन कोर्स आणि प्रमाणपत्रे मोजून करू नये. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून एक वही ठेवावी. खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याला मोजमाप पुस्तिका ठाऊक असते: किती खोदले, किती भरले, आणि खाली सही. ही वही वेगळी. तिच्यात लिहायचे, आज कोणता निर्णय माझा होता, कशाच्या आधारे घेतला, तो कोणी तपासला, कुठे चुकलो. दर सहा महिन्यांनी ती आपल्याहून अनुभवी अभियंत्यापुढे ठेवायची. पाने नुसत्या हजेरीने भरू लागली, तर साहेबांकडे जाऊन काम मागायचे: एक मोरी, एक पाइपलाइन, काहीही, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्याकडे द्या. नाहीच मिळाले तर नोकरी बदलण्याचा विचार करायचा. पगारासाठी बदलतोच की आपण.

इथून जवळच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत धरणांच्या, बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून पाहतात, खरे पाणी येण्याआधी. तरुण अभियंत्याची पहिली वर्षे तशीच असावीत: चूक लहान असताना सापडणारी, वर कोणीतरी तपासणारे असणारी.

वहीतली पहिली नोंद साधीच असेल. सकाळच्या गाडीतले काँक्रीट पातळ होते, स्लम्प जास्त आला, गाडी परत पाठवली. ठेकेदार भांडला. निर्णय माझा.