मेन्टेनन्स-फ्री

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराच्या मागच्या भिंतीचा गिलावा पडला. ताटाएवढा तुकडा, वजन दोन-तीन किलो. पडला तो शेजारच्या काकूंच्या बोळीत. काकू दुपारी ज्या ओट्यावर भाजी निवडत बसतात, त्याच्यापासून जेमतेम दोन हातांवर. नशिबाने तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मी तर नागपुरातही नव्हतो. पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. आईने फोटो पाठवला आणि मी पहिला मेसेज टाइप केला, "वॉरंटी शिल्लक आहे ना?"

काकू कशा आहेत, हे मी नंतर विचारलं. त्या क्रमाची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

आमचं घर महालात आहे. खालचा मजला आजोबांच्या काळातला, चुन्यात बांधलेला विटांचा. वरचा मजला बाबांनी नव्वदच्या दशकात सिमेंटमध्ये चढवला. बाबा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी बाहेरून सगळ्या घराला नवीन प्लास्टर करायचं ठरवलं. एक्सेल शीट केली. सिमेंट प्लास्टर, टेक्सचर, पुट्टी, वॉटरप्रूफ पेंट, प्रत्येकाचा स्क्वेअर फुटाचा भाव आणि किती वर्षं टिकेल तो आकडा. ठेकेदाराला मी एकच प्रश्न विचारला होता, "यातलं मेन्टेनन्स-फ्री कोणतं?" त्याने सिमेंट प्लास्टर आणि वर रबरासारखा जाड पेंट सुचवला. दहा वर्षं बघायचं काम नाही म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं.

आता थोडं गिलाव्याविषयी. बाहेरचा गिलावा शोभेसाठी असतो असं आपल्याला वाटतं. त्याचं खरं काम मार खाण्याचं आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. दहा मीटर लांबीची काँक्रीटची पट्टी ३० अंशांनी तापली तर साधारण ३ मिलिमीटर वाढते, थंडावली की आकसते. हे वर्षानुवर्षं चालतं. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. हा सगळा ताण वरच्या थराने सोसायचा आणि विटा वाचवायच्या. म्हणून जुना नियम असा, की बाहेरचा थर आतल्यापेक्षा कठीण नको.

चुन्याचा गिलावा मऊ आणि सच्छिद्र असतो. जुन्या घराला बहुधा खाली ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे विटा जमिनीतून पाणी ओढतात. ते पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. या व्यवहारात गिलावा झिजतो, त्याची भुकटी पडते, दर काही वर्षांनी पुन्हा चुना मारावा लागतो. सिमेंट त्यामानाने कठीण. त्याला केसाएवढी भेग पडली तरी पावसाचं पाणी आत शिरतं, आणि वर पेंटचा पापुद्रा असल्यामुळे बाहेर पडायला वाट उरत नाही. विटांमधले क्षार पाण्याबरोबर पुढे येतात आणि गिलाव्यामागे साचतात. लोणा लागतो, फुगा येतो, आणि एक दिवस तुकडा सुटतो. यात सिमेंटचा दोष नाही. वरच्या मजल्यावर तेच प्लास्टर आजही ठणठणीत आहे. चूक जोडीची होती.

घरी आल्यावर मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत वाजवत वाजवत कोपऱ्यापर्यंत नेली. काही ठिकाणी ठक्क, काही ठिकाणी डब्यासारखा आवाज. मग म्हणाले, "भाऊ, भिंतीला घाम येऊन राहिला, अन् तुम्ही तिला रेनकोट घातला."

माझ्या धंद्यात याला साधा शब्द आहे, वॉर्निंग बंद करणे. कोड चालतोय, पण लॉगमध्ये सारख्या सूचना येताहेत. वैतागून तुम्ही सूचनाच म्यूट करता. स्क्रीन स्वच्छ दिसते. बिघाड मात्र चालू राहतो आणि शेवटी भलत्याच माणसाच्या डोक्यावर येतो. जुन्या गिलाव्याची भुकटी ही अशीच सूचना होती. आजी रोज ती झाडायची, म्हणजे रोज बघायची.

पण मुद्दा एवढाच असता तर चुकीचं मटेरियल निवडलं म्हणून विषय संपला असता. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. आपल्याला कुणी काही मागू नये, ही इच्छाच चुकीची आहे का?

नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला गेले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. तिथली बापू कुटी माती-बांबूची. वर्धेच्या पावसात मातीचा लेप टिकावा तरी किती? तरी कुटी आज उभी आहे, कारण कुणीतरी ती पुन्हा पुन्हा लिंपत आलं. आफ्रिकेत मालीमधल्या जेने गावात मातीची प्रचंड मशीद आहे, सध्याची इमारत १९०७ सालची. तिला दरवर्षी सगळं गाव मिळून चिखलाचा गिलावा करतं, त्या दिवशी उत्सव असतो. या इमारतींच्या टिकाऊपणात माणसांचं येत राहणं धरलेलं आहे. माझ्या एक्सेल शीटमध्ये त्याचा कॉलमच नव्हता.

इथे हुरळून जाण्याचा मोह होतो, म्हणून मी आईला विचारलं, आपण सगळंच जुन्या पद्धतीने करायचं का? ती म्हणाली, "सारवलंस का रे कधी? माझ्या माहेरी आम्ही बहिणी करायचो. तुझे मामा नाही करायचे." तिचं खरं आहे. देखभालीचं कौतुक बहुतेक वेळा ती न करणारा करतो. गुडघे दुखेपर्यंत सारवलेल्या बाईला सिमेंट आलं तेव्हा सुटका वाटली असेल, आणि त्या सुटकेला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

तेव्हा श्रम टळावेत असं वाटण्यात पाप नाही. पण ते खरोखर टळलेत, की कुणाच्या तरी गळ्यात पडलेत, एवढं तरी बघायला हवं. बाहेरच्या भिंतीचं तर आणखी विचित्र आहे. ती आपल्या मालकीची, आपण आत राहतो, आणि ती रोज दिसते शेजाऱ्याला. तिची ओल, तिचा फुगा त्यालाच आधी कळतो. गिलावा पडायच्या वर्षभर आधी काकू आईला म्हणाल्या होत्या, "मागून भिंत फुगून राहिली, पाहून घ्या जी." आईने मला फोनवर सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "काही होत नाही, दहा वर्षांची वॉरंटी आहे." रोज भिंत बघणाऱ्या बाईपेक्षा मी कधीही न वाचलेल्या कागदावर विश्वास ठेवला. मेन्टेनन्स-फ्री म्हणून मी विकत काय घेतलं होतं, तर ऐकून न घेण्याची सोय.

दिवाळीनंतर दोन आठवडे सुट्टी काढून आलो. खालच्या मजल्याचं सिमेंट काढून मिस्त्रींनी चुना-रेतीचा गिलावा केला. पातळ थर, मध्ये थांबणं, ओली पोती टांगणं. वेळ लागला, पैसेही वाटले त्यापेक्षा जास्त लागले. वर पेंट नाही, चुनाच. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागेल, आणि तेव्हा मी येईनच अशी शपथ मी इथे घेणार नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकली आहे, एवढंच.

मागच्या भिंतीसाठी परांची काकूंच्या बोळीतच बांधावी लागणार होती. मागच्या खेपेला ठेकेदाराने न विचारता बांधली होती. या वेळी मी विचारायला गेलो आणि आधी माफी मागितली. काकूंनी चहा टाकला. म्हणाल्या, "लाव बाबू बांबू. माझी तुळस तेवढी हलवू नको." निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भिंत मी वाजवून पाहत जाईन. तू फोन उचलत जा."